सैन्य नसलेल्या बेटाचे बारा दिवस : मॉरिशस आणि 'वाकाशिओ'

२५ जुलै २०२०, शनिवार. संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर पॉईंट देस्नी नावाची वस्ती आहे. तिच्या समोरच्या प्रवाळ खडकावर तीनशे मीटर लांबीचं एक जहाज येऊन बसलं. नाव 'वाकाशिओ'. मालक जपानी, झेंडा पनामाचा, खलाशी वीस, त्यांत भारतीयही होते. सिंगापूरहून ब्राझीलकडे खनिज भरायला निघालेलं हे जहाज रिकामं होतं. टाक्यांत मात्र स्वतःच्या इंजिनासाठी घेतलेलं सुमारे ३,९०० टन जड इंधन तेल आणि दोनशे टन डिझेल होतं.

ते तिथे आलंच कसं? मूळ आखणीप्रमाणे जहाज बेटापासून २२ सागरी मैलांवरून जाणार होतं. दोन दिवस आधी ते अंतर पाच मैलांवर आणलं गेलं आणि शेवटी दोनवर. जहाज भाड्याने घेतलेल्या जपानी कंपनीने त्या वर्षीच्या डिसेंबरात दिलेलं कारण असं, की खलाशांना मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ घेतलं, आणि जहाजावर त्या पाण्याचा पुरेसा बारकाईचा नकाशाही नव्हता. कोविडमुळे जगभरचे खलाशी तेव्हा महिनोन्‌महिने जहाजांवरच अडकले होते. घरच्यांशी दोन शब्द बोलावेत म्हणून कुणी किनाऱ्याकडे सरकतो, हे मला समजू शकतं. तरी दोन लाख टन खनिज वाहू शकणारं जहाज अंधारात खडकाच्या दिशेने नेणं ही अक्षम्य चूक होती. न्यायालयानेही तसंच मानलं. कॅप्टन आणि प्रथम अधिकारी यांना डिसेंबर २०२१ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली.

मला बोलायचं आहे ते किनाऱ्यावरच्या बाजूबद्दल. जहाज खडकावर चढलं २५ जुलैला आणि त्यातून तेल गळायला लागलं ६ ऑगस्टला. मध्ये बारा दिवस गेले. लहान देशाने संरक्षणावर किती आणि कशावर खर्च करावा, या प्रश्नाचा अभ्यास करायला यापेक्षा चांगलं प्रकरण मला माहीत नाही. या बारा दिवसांत समोर शत्रू नव्हता, एक गोळी सुटली नाही, आणि तरीही देशाची सगळी संरक्षणव्यवस्था तपासली गेली.

मॉरिशसला सैन्य नाही. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं, पण त्याआधी १९६० सालीच, ब्रिटिश शिबंदी हलल्यावर, पोलीस दलाच्या अंगानेच 'स्पेशल मोबाइल फोर्स' उभी केली गेली. व्हाक्वा इथे तिचं मुख्यालय आहे आणि संख्या दीड-पावणेदोन हजार. गणवेश लष्करी, कवायत लष्करी, पण शिपाई पोलिसांचे आणि सर्वांत वर पोलीस आयुक्त. तटरक्षक दल १९८७ साली निघालं, तेही पोलिसांचंच, मनुष्यबळ हजाराच्या आत. पोलिसांची हेलिकॉप्टर तुकडी आहे, ती त्याहून लहान. एवढाच पसारा. वर्षाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो. भारताचा खर्च दोन टक्क्यांच्या वर असतो.

हा निर्णय गरिबीतून आलेला नव्हता, घरच्या अनुभवातून आला होता. १९६५ मध्ये आणि पुन्हा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर जानेवारी १९६८ मध्ये बेटावर जातीय दंगली झाल्या. त्या शमवायला बाहेरून ब्रिटिश तुकड्या आणाव्या लागल्या. हिंदू, मुस्लिम, क्रिओल, चिनी, फ्रेंच वंशाचे लोक अशी सरमिसळ असलेल्या एवढ्याशा बेटावर उद्या सैन्य उभं केलं तर त्यात कोणाची किती माणसं, बंदुका कोणाच्या हाती, यावरच पुढची दंगल पेटायची. आफ्रिकेतल्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत त्याच सुमारास लष्करी उठाव होत होते, ते सगळ्यांना दिसत होतं. मॉरिशसने सैन्य ठेवलं नाही. वृद्धांना सरसकट निवृत्तिवेतन तिथे आधीपासून होतं, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. आजवर तिथे सत्तांतर मतपेटीतूनच होत आलं आहे. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता आणि 'वाकाशिओ'नंतरही बरोबरच आहे. हे आधीच सांगतो, कारण दुर्घटनेनंतर 'सैन्य असतं तर' असा सूर काहींनी लावला होता. आपल्या सैन्याकडे रणगाडे असतात, खडकावर बसलेलं जहाज ओढायची ओढनौका त्यांच्याकडे नसते.

अडचण दुसरीकडे आहे. मॉरिशसची जमीन सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. समुद्र मात्र २३ लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या साडेसातपट पाणी या देशाच्या नावावर आहे. रॉड्रिग्ज, सेंट ब्रँडन, अगालेगा ही दूरवर विखुरलेली बेटं आणि ब्रिटनशी ज्यावरून वाद आहे तो चागोस द्वीपसमूह यांमुळे हा आकडा एवढा फुगतो. जमिनीसाठी पोलीस पुरतात. या पाण्याचं काय?

उत्तर होतं भारत. १९७४ साली भारतीय नौदलाची 'अमर' ही गस्तनौका मॉरिशसला दिली गेली. पुढे तटरक्षक दलाचं आणि हेलिकॉप्टर तुकडीचं नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे देण्याची रीत पडली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सची डॉर्निअर विमानं तिथे समुद्रावर टेहळणी करतात. सोमाली चाचांचा उपद्रव भरात असताना, २०११ मध्ये, भारताने किनारी रडारांची साखळी उभारून दिली: पाच मुख्य बेटावर, शिवाय रॉड्रिग्ज, सेंट ब्रँडन आणि अगालेगा इथे एकेक. मग आली 'बॅराकुडा'. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली, १,३०० टनांची, ५ कोटी ८५ लाख डॉलर किमतीची ही नौका १२ मार्च २०१५ रोजी राजधानी पोर्ट लुईत सेवेत दाखल झाली. भारताने परदेशासाठी बांधून निर्यात केलेली ही पहिली युद्धनौका. तिच्यामागोमाग 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट' या वेगवान गस्तनौका आल्या, त्या वास्कोच्या गोवा शिपयार्डात तयार झालेल्या. आपल्याकडे या बातम्या अभिमानाने छापल्या गेल्या आणि त्यात गैर काही नव्हतं.

म्हणजे २५ जुलैच्या संध्याकाळी मॉरिशसकडे रडार होते, विमानं होती, आणि त्याच्या इतिहासात कधी नव्हत्या इतक्या चांगल्या नौका होत्या. आता त्या रात्रीकडे परत येऊ.

बेटापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी देशाच्या हद्दीतलं असलं, तरी परकीय व्यापारी जहाजाला त्यातून सरळ निघून जायचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याने असतो. त्यामुळे पाच मैलांवर दिसलेलं जहाज हा गुन्हा नव्हे, ती सावध होण्याची खूण आहे. तटरक्षक दलाकडून जहाजाला हाका गेल्या, उत्तर आलं नाही, असं अधिकाऱ्यांनी पुढे सांगितलं. कॅप्टनशी बोलणं होईतो जहाज खडकावर होतं. उत्तर मिळत नसताना नौका किंवा हेलिकॉप्टर लगेच का निघालं नाही, हा प्रश्न मॉरिशसच्या लोकांनी पुढचे कित्येक महिने विचारला. विचारायलाच हवा होता. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसणं आणि तो ठिपका चुकीच्या दिशेने येतोय असं ठरवून रात्री कुणाला तरी उठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम बाहेरून मिळालेल्या यंत्राने होतं. दुसऱ्याला त्या बेटाचा खडक, त्या ऋतूतला वारा आणि शनिवारची रात्र ओळखणारा, शिवाय आदेश द्यायचा अधिकार असलेला माणूस लागतो.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. जून २०१६ मध्ये 'बेनिता' नावाचं मालवाहू जहाज याच किनाऱ्यावर, ल बुशाँजवळ, थेट जमिनीला लागलं होतं. तेव्हा नशिबाने तेल फारसं सांडलं नाही. चार वर्षांपूर्वीची ही रंगीत तालीम कुणी मनावर घेतली नाही, याचंच मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला, तेलगळतीची राष्ट्रीय आपत्कालीन योजना लागू झाली. पाण्यावर तरंगते अडसर, ज्यांना बूम म्हणतात, ते थोड्या अंतरावर टाकले गेले. पण देशाकडचा साठाच लहानशा गळतीला पुरेल एवढा होता. जहाजाच्या विमा कंपनीने आणि मालकाने नेमलेले बचाव-तज्ज्ञ बाहेरून येणार होते. कोविडमुळे देशाच्या सीमा मार्चपासून बंद, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या विलगीकरणाचा घोळ. ओढून काढायला लागणारी मोठ्या ताकदीची ओढनौका बेटावर नव्हतीच, तीही दुरून यायची होती. जुलै-ऑगस्ट हा तिथला हिवाळा. आग्नेयेकडून मोठ्या लाटा येतात आणि हा किनारा नेमका त्यांच्या तोंडावर आहे. प्रत्येक लाटेबरोबर जहाज खडकावर घासत होतं. सरकार सांगत होतं की जहाज स्थिर आहे, धोका कमी आहे, तज्ज्ञ बघताहेत. मच्छीमार आणि पर्यावरण कार्यकर्ते म्हणत होते, आधी तेल उपसा, जहाजाचं नंतर बघू.

त्या बारा दिवसांत निर्णय नक्की कोणाच्या हातात होता? मालकाच्या, विमा कंपनीच्या, बचाव कंपनीच्या, नौवहन खात्याच्या, पर्यावरण मंत्र्यांच्या, मत्स्य मंत्र्यांच्या, की पोलिसांच्या तटरक्षक दलाच्या? प्रत्येकाच्या हातात थोडा थोडा, म्हणजे कुणाच्याच हातात नाही. वास्तविक किनारी देशाला अशा वेळी मालकाचं न ऐकता स्वतः पावलं उचलायचा हक्क समुद्री कायद्याने दिलेला आहे. ब्रिटनमध्ये १९९६ च्या 'सी एम्प्रेस' या तेलवाहू जहाजाच्या दुर्घटनेनंतर एक पदच निर्माण केलं गेलं. जहाज संकटात असताना तिथे काय करायचं ते हा एकच अधिकारी ठरवतो आणि ते काम चालू असेतो मंत्रीही त्याच्या मध्ये येत नाहीत. या पदाचा वर्षाचा खर्च किती असेल? एका कचेरीचा, चार माणसांच्या पगाराचा. 'बॅराकुडा'च्या देखभालीतल्या एखाद्या ओळीएवढा. लहान देशाच्या संरक्षण खर्चावर लिहिणारे टक्केवारीचे तक्ते देतात, त्यांत ही ओळ कधीच नसते.

ओढनौकेचंही तेच. 'अमोको कॅडिझ' हे तेलवाहू जहाज १९७८ साली ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटल्यावर फ्रान्सने ब्रेस्टला मोठी ओढनौका कायम सज्ज ठेवायला सुरुवात केली. ती खासगी कंपनीची, भाडं सरकारचं, हुकूम नौदलाचा. दक्षिण आफ्रिकाही केपच्या वादळी वाटेवर अशीच एक नौका करारावर ठेवते. मॉरिशसच्या दक्षिणेकडून जाणारी जहाजं याच वाटेवरची, मलाक्का ते केप ते ब्राझील. तरी बेटाने गस्तनौका घेतल्या, ओढनौका घेतली नाही. याचं कारण मॉरिशसच्या अधिकाऱ्यांचं अज्ञान नसावं. मिळणारी मदत कर्जाच्या रूपाने येते, ते कर्ज देणाऱ्याच्या गोदीत खर्च व्हायचं असतं, आणि देणारा देश आपल्याला समुद्रात ज्याची काळजी वाटते तेच देतो. भारताला हिंदी महासागरात काळजी आहे परक्या युद्धनौकांची, चाचेगिरीची, शस्त्रांच्या तस्करीची. मॉरिशसच्या मच्छीमाराला काळजी आहे खडकाची. दोन्ही काळज्या खऱ्या, पण खरेदीच्या यादीत पहिलीच उतरली.

६ ऑगस्टला जहाजाला तडा गेला आणि काळं तेल बाहेर पडायला लागलं. ७ तारखेला पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी पर्यावरणीय आणीबाणी जाहीर केली. (बरोबर दहा वर्षांपूर्वी, ७ ऑगस्ट २०१० ला, मुंबईच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर झाली होती आणि उरण-अलिबागच्या किनाऱ्यांनी, कांदळवनांनी तेल पाहिलं होतं. तेव्हा आपल्याकडे तटरक्षक दलाची जहाजं आणि हेलिकॉप्टरं हाताशी होती, तरीही कोळ्यांची मासळी विकली जाईना.) पॉईंट देस्नीची पाणथळ जागा आणि ब्लू बेचं सागरी उद्यान, दोन्ही जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतली. समोर ईल ओ एग्रेत हे दुर्मीळ झाडं-पक्षी जपलेलं छोटं बेट. तिथेच माहेबूर गाव, जिथल्या खाडीत ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं होतं. त्या लढाईचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं आहे. ज्या पाण्यासाठी दोन साम्राज्यं लढली, त्याच्यावर आता सुमारे हजार टन तेल पसरलं.

पर्यावरण मंत्र्यांनी जाहीरपणे कबूल केलं की एवढ्या संकटासाठी आमच्याकडे पुरेशी साधनं नाहीत. त्यानंतर जे घडलं ते वाचताना मला आजही भरून येतं. लोकांनी उसाचं पाचट गोळा केलं. पोती, जाळी, जुनी कापडं शिवून त्यात ते ठासलं, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधून ते तरंगतं केलं आणि किलोमीटरभर लांबीचे अडसर समुद्रात सोडले. केस तेल शोषतात म्हणून न्हाव्यांच्या दुकानांत लोक केस कापून द्यायला गेले. हे काम आमच्यावर सोडा, असं सरकारने सांगितलं. लोकांनी ऐकलं नाही. ज्या उसासाठी रत्नागिरी-सावंतवाडीपासून बिहारपर्यंतची माणसं गिरमिटावर या बेटावर आणली गेली, त्याच उसाचं पाचट त्यांचे वंशज समुद्रात लोटत होते. त्या महिन्यात २२ तारखेला गणेश चतुर्थी होती. तिथले मराठी लोक गणपती समुद्रातही विसर्जित करतात.

बाहेरची मदत आली. फ्रान्सची सर्वांत आधी, कारण रियुनियन बेट जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरांवर आहे. लष्करी विमानाने आणि नौकेने अडसर, पंप आणि माणसं पोचली. जपानची पथकं आली. भारताचं हवाई दलाचं विमान १६ ऑगस्टला ३० टन साधनं आणि तटरक्षक दलाचे दहा प्रशिक्षित लोक घेऊन उतरलं. त्याच्या आदल्या दिवशी जहाजाचे दोन तुकडे झाले होते. तोवर उरलेलं बहुतेक तेल उपसलं गेलं होतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. भारताची मदत मनापासूनची होती आणि उपयोगी पडली, पण मुंबईपासून मॉरिशस साडेचार हजार किलोमीटरांहून दूर आहे आणि तेल सांडून दहा दिवस झाले होते. संरक्षण उसनं घेता येतं. वेळ मात्र उसना मिळत नाही.

या प्रकरणातला मृत्यू जहाजावरचा नाही, ओढनौकेवरचा आहे. ३१ ऑगस्टच्या रात्री 'सर गेताँ' ही स्थानिक ओढनौका तेलासाठी वापरलेला एक तराफा ओढून बंदराकडे परत नेत होती. समुद्र खवळलेला होता. दोहोंची टक्कर झाली आणि ओढनौका बुडाली. आठ जणांपैकी चार वाचले. तिघांचे मृतदेह मिळाले, तिचा कॅप्टन सापडलाच नाही. बंदरातल्या शांत पाण्यात जहाजं धक्क्याला लावणारी नौका त्या रात्री उघड्या समुद्रात का होती, याचं उत्तर मला वर लिहिलेल्या ओढनौकांच्या परिच्छेदातच दिसतं. दोन दिवस आधी, २९ ऑगस्टला, पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारो लोक काळे कपडे घालून उतरले होते. त्यांच्या घोषणा सरकारविरुद्ध होत्या, पण मागणी साधी होती: बारा दिवस कोण काय करत होतं ते सांगा.

उसन्या संरक्षणाची किंमत कर्जाच्या हप्त्यांपुरती राहत नाही. १९८३ साली मॉरिशसमध्ये राजकीय पेच निर्माण झाला, तेव्हा तिथल्या सरकारला वाचवण्यासाठी मुंबईच्या बंदरावर सैन्य आणि नौकांची जुळवाजुळव सुरू झाली होती, हे पुढे अनेक वर्षांनी संशोधनातून बाहेर आलं. ती मोहीम निघाली नाही. अगालेगावर २०१५ च्या करारानुसार भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. तिथे राहतात जेमतेम तीनशे माणसं. त्यांना चांगलं विमानतळ आणि धक्का मिळाला हे खरंच चांगलं झालं. पण चागोसमधून आपली माणसं १९६०-७० च्या दशकांत कशी हलवली गेली आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ कसा उभा राहिला, हे विसरलेला मॉरिशन माणूस शोधून सापडणार नाही, त्यामुळे अगालेगाबद्दल त्याच्या मनात शंका येणारच. भारतीय वाचकाने या शंकेला कृतघ्नपणा म्हणू नये.

चागोसचाच दाखला दुसऱ्या बाजूनेही लागू पडतो. एकही रणगाडा नसलेल्या या देशाने ब्रिटनला आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाचं मत त्याच्या बाजूने आलं, त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला, आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सही केली. वकील, राजदूत, नकाशे आणि चिकाटी यांच्यावर केलेला हा खर्चही संरक्षणाचाच आहे. २३ लाख चौरस किलोमीटर समुद्रावरचा हक्क मॉरिशसने कागदावर ज्या कौशल्याने मिळवला, तेवढंच कौशल्य त्याला खडकापाशीही उभं करता आलं असतं. माणसं तीच आहेत.

'वाकाशिओ'नंतर सुमारे साडेसात महिन्यांनी, ७ मार्च २०२१ ला, पोर्ट लुईजवळ पॉईंट ओ साब्लला 'लू राँग युआन यू ५८८' ही चिनी मासेमारी नौका प्रवाळ खडकावर चढली. टाक्यांत सुमारे १३० टन इंधन होतं. या खेपेस कुणी जहाज स्थिर आहे म्हणून थांबलं नाही. अडसर टाकले गेले, पंप लावले गेले आणि थोड्याच दिवसांत टाक्या रिकाम्या झाल्या. पाचट शेतातच राहिलं.